मागच्या ॲक्सलचा रेशो: ४.१० काढून काय बसवायचं?

१४ जानेवारी

टर्बो बसवून दोन महिने झाले. इंजिन २.३ लिटर, चार सिलिंडर; गिअरबॉक्स टी-५; मागे फोर्डचा ८.८ इंची ॲक्सल, त्यात ४.१० चा क्राउन-पिनियन, म्हणजे मोठ्या आणि लहान दातेरी चाकांची जोडी: इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे ४.१० फेरे झाले की मागचं चाक एकदा फिरतं. आकडा मोठा तो रेशो आखूड, लहान तो लांब. तो ४.१० मीच तीन वर्षांपूर्वी हौसेने बसवला होता. तेव्हा इंजिनात टर्बो नव्हता, खाली जोर नव्हता आणि आखूड रेशोने गाडीत जीव आला होता. आता तोच रेशो नडतोय.

पहिला गिअर म्हणजे नुसता टायरचा धूर. दुसऱ्यात बूस्ट (टर्बो इंजिनात दाबतो त्या हवेचा दाब) जेमतेम भरतं न भरतं तोच फेरे संपतात. आणि मोकळ्या रस्त्यावर पाचव्यात १०० ला गाडी अशी घुमते, की अर्ध्या तासात डोकं उठतं. बदलायचा आहे हे नक्की. प्रश्न एवढाच की किती. या ॲक्सलसाठी सहज मिळणारे रेशो: ३.७३, ३.५५, ३.२७, ३.०८, २.७३. एक बरं आहे, काही ॲक्सलमध्ये ठरावीक रेशो ओलांडला की आतला कॅरिअरही (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) बदलावा लागतो, ८.८ मध्ये एकाच कॅरिअरवर हे सगळे बसतात.

१६ जानेवारी

गणिताआधी टायर मोजला. २४५/४५ आर १७ चा कागदावरचा व्यास ६५२ मिमी, म्हणजे घेर २.०४९ मीटर. पण वजनाखाली टायर दबतो, त्यामुळे खरा लोळणघेर याहून कमी भरतो. टायरवर खडूची खूण केली, तीच खूण जमिनीवर केली, हवा नेहमीची ठेवली, कुणाला तरी स्टिअरिंगवर बसवलं आणि गाडी बरोबर पाच फेरे ढकलली. ९.९३ मीटर. एका फेऱ्याला १.९८६ मीटर. कागदापेक्षा तीन टक्के कमी. क्षुल्लक वाटतं, पण ३.७३ आणि ३.५५ मध्ये फरक पाचच टक्क्यांचा आहे. मापातच तीन टक्के चूक असेल तर पुढचा सगळा काथ्याकूट वाया.

रेशोही खरे घ्यायचे. ३.५५ म्हणतात तो ३९ आणि ११ दातांचा, म्हणजे ३.५४५. ३.७३ म्हणजे ४१ आणि ११. ३.२७ म्हणजे ३६ आणि ११. ३.०८ म्हणजे ४० आणि १३. ४.१० मात्र खरोखरच ४.१०, ४१ आणि १०. दातांच्या या जोड्यांत सामाईक भाजक नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात हळूहळू क्राउनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सारखी होते.

गिअरबॉक्स: ३.३५, १.९९, १.३३, १.००, ०.६८. फेऱ्यांची मर्यादा ६५००.

पाचव्यात १०० किमी वेगाला आरपीएम, आणि पुढे दुसरा गिअर ६५०० ला कुठे संपतो ते:
४.१० – २३४० – ९५ किमी
३.७३ – २१२७ – १०४ किमी
३.५५ – २०२३ – ११० किमी
३.२७ – १८६८ – ११९ किमी
३.०८ – १७५६ – १२६ किमी

२.७३ मी लिहिलाच नाही. त्यात पाचवा गिअर शोभेचा उरेल.

१९ जानेवारी

मित्र आला होता. त्याचं ठाम मत: "अरे, टर्बो गाडीला लांब गिअरच लागतो. गिअर बदलल्यावर फेरे फार खाली येत नाहीत, बूस्ट टिकतं."

पहिलं वाक्य तपासायचं आहे. दुसरं सरळ चूक. गिअर बदलताना फेरे किती खाली येतील हे गिअरबॉक्स ठरवतो, मागचा ॲक्सल नाही. ६५०० ला पहिल्यातून दुसऱ्यात टाकलं की ३८६१. दुसऱ्यातून तिसऱ्यात ४३४४. तिसऱ्यातून चौथ्यात ४८८७. मागे ४.१० असो की २.७३, हे आकडे तेच. त्याने वहीवर दोनदा करून पाहिलं, मग गप्प बसला. मग म्हणाला, "पण टर्बोला लांब गिअर आवडतो हे खरंच." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून लॉग, म्हणजे चालत्या गाडीतल्या नोंदी, घ्यायचं ठरलं.

२५ जानेवारी

रिकामा, सपाट, बंदिस्त रस्ता. प्रत्येक गिअरमध्ये २००० आरपीएमला स्थिर धरून एकदम पूर्ण थ्रॉटल. लक्ष्य १.२ बार. पूर्ण बूस्ट कधी मिळालं:

चौथ्यात ३३०० ला. तिसऱ्यात ३६०० ला. दुसऱ्यात ४२०० ला. पहिल्यात मिळालंच नाही. ५८०० ला ०.९ बार होतं आणि तोवर चाकं सुटली होती.

इंजिन तेच, टर्बो तोच, आणि पूर्ण बूस्टचा आकडा ९०० आरपीएमने मागेपुढे. कारण सोपं आहे, फक्त ते आरपीएमच्या आलेखावर दिसत नाही, वेळेच्या आलेखावर दिसतं. टर्बाइनला गती घ्यायला वेळ लागतो. चौथ्यात इंजिन फेरे सावकाश चढवतं, तोवर टर्बोचं चाक फिरून तयार होतं. पहिल्यात २५०० ते ६५०० हा सगळा प्रवास पावणेदोन सेकंदांत आटोपतो. टर्बो अजून जोडे घालतोय आणि वरात निघून गेली.

म्हणजे मित्राचं पहिलं वाक्य खरं. लांब रेशोने इंजिनावर बोजा जास्त वेळ राहतो, बूस्ट कमी फेऱ्यांना भरतं. पण किती? ॲक्सल न उघडताच याचा अंदाज घेता येतो. एकूण रेशो म्हणजे गिअर गुणिले ॲक्सल. आत्ताचा तिसरा ५.४५, चौथा ४.१०. मागे ३.२७ टाकला तर तिसरा ४.३५ होतो, म्हणजे आत्ताच्या चौथ्याच्या अगदी जवळ. त्यामुळे ३.२७ वर तिसऱ्यात पूर्ण बूस्ट ३३५० च्या आसपास यायला हवं. ३.५५ वर तिसरा ४.७२, म्हणजे साधारण ३४५०. दुसरा ८.१६ चा ७.०६ होतो, तिथे ३९०० ते ४०००.

दीडशे-अडीचशे आरपीएमची बाब आहे. दुसऱ्यात थोडी जास्त. यावरून निवड होत नाही, पण दिशा कळली.

२ फेब्रुवारी

आज पकड. टायर रस्त्याला किती जोर देऊ शकतो, यापलीकडचा टॉर्क फक्त रबर जाळतो.

गाडी चालकासह १३५० किलो, त्यातलं ४७ टक्के मागे. जोर लावल्यावर वजन मागे सरकतं. गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर आणि चाकांमधलं अंतर अडीच मीटर धरलं आणि रस्त्यावरच्या टायरला घर्षणांक ०.९५ दिला, तर मागची दोन्ही चाकं मिळून साधारण ७३०० न्यूटन. लोळणत्रिज्या ०.३१६ मीटर. म्हणजे चाकांवर २३०० न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क कामाचा.

डायनोवर (टॉर्क मोजायच्या यंत्रावर) चाकांपाशी मोजलेला टॉर्क रेशोने भागला की ३५२ न्यूटन-मीटर येतो. मधला तोटा धरला तर इंजिनाचे सुमारे ४००. आता गुणाकार. पहिल्या गिअरमध्ये ४.१० वर ४८३५. दुपटीहून जास्त. ३.२७ वर ३८५९. ३.०८ वर ३६२८. म्हणजे पहिला गिअर कशानेच वाचत नाही. तो वाचवण्यासाठी रेशो निवडणं म्हणजे गळक्या छताखाली भांडी हलवत बसणं. पहिला सोडून दिला.

दुसरा गिअर मात्र बोलका निघाला. ४.१० वर २८७२, मर्यादेच्या चोवीस-पंचवीस टक्के वर. ३.७३ वर २६११. ३.५५ वर २४८३. ३.२७ वर २२९३! हातमोजा घातल्यासारखा बसतोय. पूर्ण बूस्ट, दुसरा गिअर, आणि टायर सुटण्याच्या अगदी काठावर.

तिसऱ्यापासून पुढे कोणत्याच रेशोला पकडीचा प्रश्न नाही.

४ फेब्रुवारी

३.२७ ठरलं. ऑर्डर उद्या.

५ फेब्रुवारी

ऑर्डर दिली नाही. २२९३ आणि २३०० इतकं जुळलेलं उत्तर बघून मलाच संशय आला. घर्षणांक ०.९५ मी मनाने धरला होता. तो ०.९ धरला तर सगळी गंमत सरकते. आकडे इतके गोड लागायला लागले की एकदा उठून पाणी पिऊन यावं.

८ फेब्रुवारी

ॲक्सल न उघडता लांब रेशो चालवून बघायची एक स्वस्त युक्ती आहे: मोठा टायर. मित्राच्या उंच गाडीची चाकं माझ्या हबवर बसतात. २३५/६० आर १७, व्यास ७१४ मिमी. खडूने घेर मोजला, २.१७ मीटर. माझ्या टायरपेक्षा सव्वानऊ टक्के जास्त, म्हणजे ४.१० चा परिणाम ३.७५ इतका. जवळजवळ ३.७३ च चालवल्यासारखं. मागे कुणी बसलं तर कमान घासते, म्हणून एकट्यानेच फिरलो.

दुसऱ्यात पूर्ण बूस्ट ४२०० ऐवजी ४०५० ला. अंदाजाच्या जवळ. शहरात सुटताना फरक जाणवलाच नाही. क्लच तितकाच लागतो.

पण ज्याचा विचार कधी केला नव्हता ते आज समोर आलं. माझ्या एक्झॉस्टला २१५० ते २४०० मध्ये एक घुमारा आहे. त्या पट्ट्यात इंजिनावर हलका बोजा असला की केबिनचं छत ढोलासारखं वाजतं. ४.१० वर हा पट्टा ९२ ते १०३ किमीवर येतो, म्हणजे मी लांबच्या प्रवासात नेमका ज्या वेगाने जातो तिथे. वाटलं होतं ३.७३ ने तो सुटेल. तो सुटला नाही, फक्त सरकला: १०१ ते ११३. मी ९० ते १०५ मध्ये चालवतो. आज १०५ ला तासभर गेलो आणि उतरल्यावरही कानात तेच.

३.५५ वर हा पट्टा १०६ पासून पुढे जातो. ३.२७ वर ११५ पासून.

तर ३.७३ बाद झाला तो बूस्टमुळे नाही, पकडीमुळे नाही, सायलेन्सरमुळे. आधी सायलेन्सर बदल, असं कुणी म्हणेल. बदलीन, पण ॲक्सल एकदाच उघडायचा आहे.

१५ फेब्रुवारी

३.२७ आणि ३.५५. आता गिअरबॉक्सच्या बाजूने विचार.

आखूड रेशोत टायर लवकर सुटतो, आणि सुटलेला टायर म्हणजे गिअरबॉक्सचा फ्यूज. दुसऱ्या गिअरमध्ये ४.१० वर इंजिनाने ३२० न्यूटन-मीटर दिले की चाकं फिरतात. त्यापुढचा टॉर्क दातांपर्यंत पोचतच नाही, टायर सुटून मोकळा होतो. ३.५५ वर हा आकडा ३७०. ३.२७ वर ४००. म्हणजे ज्याला मी परवा हातमोजा म्हटलं, त्याचा दुसरा अर्थ असा की इंजिनाचा सगळा टॉर्क पूर्णवेळ दुसऱ्या गिअरच्या दातांवर. या टी-५ ला कारखान्याने दिलेली मर्यादाच ४०० च्या आसपास आहे. आणि पहिल्यात क्लच झटकन सोडला तर प्रॉपेलर शाफ्टवरून येणारा उलटा धक्का ४.१० च्या तुलनेत ३.२७ मध्ये पंचवीस टक्के मोठा असू शकतो, कारण टायर तेवढा उशिरा सुटतो.

उलट बाजूही लिहून ठेवतो. लांब रेशोत पिनियनला दात जास्त, पिनियन जाड, क्राउन-पिनियन स्वतः जास्त भक्कम. पण माझ्या गाडीत ॲक्सल हा कमजोर दुवा नाहीच. ८.८ याहून बराच जास्त मार सहन करतो. कमजोर दुवा पुढे आहे.

१७ फेब्रुवारी

चढावर पाचवा गिअर. आत्ताच्या गाडीत ३.२७ चा पाचवा कसा लागेल हे बघायला ४.१० च्या पाचव्यात ७२ ला गेलो, म्हणजे १६८५ आरपीएम. ३.२७ वर ९० ला इतकेच फेरे असतील. चढ आला, पाय दाबला. इंजिन गुरगुरलं, बूस्ट ०.३ बारच्या वर जाईना, आणि नॉक सेन्सरने प्रज्वलन दोनदा मागे ओढलं. कमी फेरे, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि सिलिंडरमध्ये हवा दाबलेली, ही टर्बो इंजिनाला सर्वात नकोशी जागा. ज्वाला सावकाश पसरते, उरलेलं मिश्रण तापत राहतं आणि आपणहून पेटतं. अशा वेळी पेट्रोल वाचवायला लांब गिअर घेतला म्हणायचं आणि दर चढाला चौथ्यात यायचं, यात वाचलं काय?

३.५५ वर ९० ला १८२० आरपीएम. त्या फेऱ्यांना, म्हणजे आत्ताच्या गाडीत ७८ ला, तोच चढ पुन्हा चढलो. बूस्ट सावकाश पण आलं, नॉक नाही.

मित्राने पुन्हा एक मुद्दा काढला: ब्यूकची १९८६-८७ ची टर्बो ग्रँड नॅशनल ३.४२ च्या ॲक्सलवर आली होती आणि तिचं कुठे अडलं नाही. बरोबर आहे, पण तिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. टॉर्क कन्व्हर्टर असला की ब्रेक दाबून इंजिनावर बोजा घेता येतो, उभ्या गाडीत बूस्ट तयार होतं, आणि गिअर बदलताना थ्रॉटल सोडावा लागत नाही. माझ्याकडे क्लच आहे. प्रत्येक वेळी पाय उचलला की टर्बो थोडा मागे पडतो. कुणाच्या तरी गाडीचा आकडा उचलून आपल्या गाडीत टाकणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावणं.

ठरलं: ३.५५. दुसऱ्यात पकडीच्या वर जाणारे सात-आठ टक्के बूस्ट कमी करून काढता येतील. ते बूस्ट कंट्रोलरमधल्या एका रकान्याचं काम आहे. ॲक्सलचा रेशो पाचही गिअरना एकदम लागू होतो, बूस्टचा आकडा एकेका गिअरला वेगळा देता येतो. मग जे रकान्यात सुटतं त्यासाठी लोखंड कशाला बदलायचं?

आज ऑर्डर दिली. क्राउन-पिनियन, सगळी बेअरिंग, सील, क्रश स्लीव्ह, शिमचा (अंतर जुळवायच्या पातळ चकत्यांचा) संच. क्रश स्लीव्ह एकच मागवली, हे पुढे नडणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं. (ही ओळ ८ मार्चला घातली.)

१ मार्च

ॲक्सल उघडला. मागचं झाकण काढून तेल सोडलं, मधल्या आडव्या पिनचा बोल्ट काढला, पिन सरकवली, दोन्ही शाफ्ट आत ढकलून सी-क्लिप काढल्या. बेअरिंग कॅपवर डावी-उजवी अशी पंचने खूण केली. या कॅप आपल्याच जागी, त्याच दिशेने परत बसाव्या लागतात. कॅरिअर दोन्ही बाजूच्या शिमांनी दाबून बसवलेला असतो, तो पहारीने हलकेच उचलून काढला. दोन्ही बाजूच्या शिम वेगवेगळ्या पिशवीत, नावं घालून.

पिनियन बाहेर. डोक्यामागची शिम मोजली आणि नव्यासाठी सुरुवात त्याच जाडीने करायचं ठरवलं. ४.१० चं पिनियन १० दातांचं, नवं ११ चं. शेजारी ठेवल्यावर जाडीतला फरक डोळ्यांना दिसतो.

२ मार्च

क्राउन व्हील गरम पाण्यात ठेवलं, म्हणजे कॅरिअरवर हाताने बसतं. बोल्टने ओढून बसवू नये, तिरपं बसतं. दहा बोल्ट, थ्रेडवर लॉकिंग द्रव, समोरासमोरच्या क्रमाने १०५ न्यूटन-मीटर.

८ मार्च

आज मी क्रश स्लीव्ह वाया घालवली.

पिनियनच्या दोन बेअरिंगमध्ये ही पातळ नळी असते. नट आवळत गेलं की ती चेपते आणि बेअरिंगवर दाब येतो. नव्या बेअरिंगना पिनियन फिरवायला १.८ ते ३.३ न्यूटन-मीटर लागले पाहिजेत. गंमत अशी की नळी चेपायला सुरुवात होईपर्यंत नट प्रचंड ताकद मागतो. पान्याला लांब पाइप लावून दोघं लटकत होतो. आणि एकदा चेपायला लागली की नटाच्या अगदी थोड्या फिरण्याने दाब भराभर वाढतो. मी १.२ वर होतो. "अजून एक टिचकी", म्हटलं. मोजलं तर साडेचार.

इथे नट ढिला करून भागत नाही. नळी चेपली ती चेपली; नट मागे घेतला की दाब शून्य आणि नट सैल. नवी नळीच हवी. काम बंद, आठवडा गेला.

१५ मार्च

दोन नव्या स्लीव्ह. या वेळी प्रत्येक टिचकीनंतर मोजलं. २.६ वर थांबलो. दुसरी स्लीव्ह डब्यात तशीच आहे, आणि ती उरली याचा आनंद तिच्या किमतीपेक्षा मोठा आहे.

कॅरिअर बसवला. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) पहिल्या वेळी ०.३८ मिमी, जास्त. एका बाजूची शिम कमी करून तेवढीच दुसरीकडे घातली, क्राउन पिनियनजवळ सरकला, ०.२३ आला. क्राउनवर चार जागी मोजलं; सगळीकडे जवळपास तेवढाच.

मग दातांना पिवळा मार्किंग रंग लावून, क्राउनला लाकडाने हलका अडसर देत फिरवलं. ठसा दाताच्या बुडाकडे झुकलेला. या ॲक्सलमध्ये शिम पिनियनच्या डोक्यामागे असते, जाड शिम म्हणजे पिनियन आत. म्हणून ०.०५ मिमी पातळ घालायला हवी. त्यासाठी पिनियन पुन्हा बाहेर, आतलं बेअरिंग दाबून काढायचं, आणि पुन्हा क्रश स्लीव्ह. डब्यातली दुसरी स्लीव्ह लगेच कामाला आली. आनंद चार तास टिकला.

ज्यांच्याकडे जुनं बेअरिंग आहे त्यांनी त्याचं भोक आतून घासून सैल करावं आणि ठसा बघेपर्यंत तेच वापरावं. शिम बदलायला प्रेस लागत नाही. ही युक्ती मला आधी माहीत होती. केली नाही, कारण "एकदाच तर बसवायचंय".

रात्री साडेदहाला ठसा मध्यावर आला. पुढे चालवायच्या बाजूला आणि मागे ओढायच्या बाजूलाही.

१६ मार्च

तेल भरलं, पावणेदोन लिटर. लिमिटेड स्लिपच्या क्लचसाठीचं पूरक तेलही घातलं. वीस मिनिटं हलक्या पायाने, मग झाकण हात लावण्याइतकं थंड होईपर्यंत उभी. असं तीनदा. नवे दात पहिल्यांदा एकमेकांवर घासतात तेव्हा खूप तापतात. याच वेळी पूर्ण जोर दिला तर दातांचा कडकपणा जातो आणि पुढे आयुष्यभर आवाज.

८०० किमी होईपर्यंत बूस्ट नाही. पाय आवरणं हेच खरं अवघड काम.

२३ मार्च

स्पीडोमीटर आता खरा १०० असताना ८६ दाखवतो. केबलचं चाक गिअरबॉक्सच्या शेपटाशी आहे, ते प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजतं. मागे काय बदललं हे त्याला कळत नाही. आधी २३ दातांचं होतं, २० चं बसवलं. आता जीपीएसवर १०० असताना काटा ९९ च्या थोडा वर. चालेल.

५ एप्रिल

८०० किमी झाले. तेल बदललं. झाकणाच्या चुंबकावर राखाडी मलम, तुकडा एकही नाही. आज पहिल्यांदा पूर्ण थ्रॉटल.

दुसऱ्यात ०.५ बार. तिसऱ्यात ०.५. चौथ्यात ०.५. संध्याकाळभर होज तपासले, क्लॅम्प आवळले, वेस्टगेटची (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा देऊन सोडणाऱ्या झडपेची) नळी फुंकून पाहिली, सोलेनॉइड बाकावर टकटक करून ऐकला. सगळं ठीक. ०.५ म्हणजे वेस्टगेटच्या स्प्रिंगचा दाब. कंट्रोलर काहीच करत नव्हता.

जेवताना उलगडा झाला. कंट्रोलर कुठला गिअर आहे ते आरपीएम भागिले वेग यावरून ओळखतो, आणि वेग त्याला स्पीडोमीटरच्याच चाकावरून मिळतो. दुसऱ्याला आधी ६८.५ यायचे, त्याला दहा टक्के मागेपुढे सूट दिलेली. आता दुसऱ्याला ५९.२ येतात. खिडकीच्या बाहेर. सगळेच गिअर साडेतेरा टक्के सरकले, त्यामुळे कंट्रोलरच्या लेखी गाडी कुठल्याच गिअरमध्ये नव्हती आणि तो सुरक्षित बाजूला, स्प्रिंगवर बसून राहिला. स्पीडोमीटरचं चाक मी बदललं तेव्हाच हे बिघडलं. तोवर दोन्ही चुका एकमेकींना झाकत होत्या.

पाच आकडे बदलले. दोन मिनिटं.

१२ एप्रिल

तोच बंदिस्त रस्ता, तीच पद्धत. तिसऱ्यात पूर्ण बूस्ट ३४५० ला, अंदाज होता तिथेच. दुसऱ्यात ३९५०. दुसऱ्यात १.२ बारला ४३०० च्या पुढे मागचा भाग थोडा चळतो. पकडीच्या गणिताप्रमाणे टॉर्क सात टक्के कमी करायला हवा होता. टॉर्क साधारण एकूण दाबाच्या (गेजवरचा अधिक वातावरणाचा एक बार) प्रमाणात चालतो, म्हणून २.२ ऐवजी २.०५, म्हणजे गेजवर १.०५ बार. टाकलं. टायर गरम असताना आता सुटत नाही, थंड असताना सुटतो. घर्षणांक ०.९५ फार वाईट नव्हता म्हणायचा.

पहिल्यात कंट्रोलरचा उपयोग नाही. तिथे बूस्ट ०.२ बारवर आणावं लागेल आणि स्प्रिंगच ०.५ ची आहे. सोलेनॉइड दाब वाढवू शकतो, स्प्रिंगच्या खाली नेऊ शकत नाही. पहिल्यासाठी उजवा पाय आहे.

दुसरा गिअर आता ११० पर्यंत जातो. आधी ९५ ला तिसरा टाकावा लागायचा, त्यामुळे शून्य ते शंभरमध्ये एक गिअरबदल वाचला. हे लिहिण्याइतकं महत्त्वाचं नाही, पण मित्राला सांगण्याइतकं आहे.

१९ एप्रिल

लांबचा प्रवास, ९५ ते १०४ मध्ये. घुमारा नाही. १०७ ला सुरू होतो, तिथे जायचं नाही. चढावर पाचवा दोनदाच सोडावा लागला.

एक गोष्ट राहिली. ७० च्या आसपास पाय उचलल्यावर मागून बारीक शीळ येते, जोर दिला की थांबते. ओढायच्या बाजूचा ठसा पुन्हा बघावा लागेल. दुसऱ्या तेलबदलाला झाकण निघेलच. तेव्हा मार्किंग रंग आणि एक जास्तीची क्रश स्लीव्ह जवळ ठेवायची.